दोन वाट्या दूध

काचेच्या पेटीतल्या लेकराच्या आईला भेटायला येणारा प्रत्येक माणूस जाताना "काळजी करू नको" असं सांगून जातो. मला अजूनही हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. काळजी काय गॅसची शेगडी आहे, बटण फिरवलं की बंद?

माझी जुळी लेकरं सातव्या महिन्यातच झाली. एक मुलगा, एक मुलगी. मुलगा आज अंगणात धावतो, पडतो, शिव्या शिकून येतो. मुलगी नाही. ती गेल्याचं मला सगळ्यांत शेवटी कळलं, आणि माझ्यापासून ते लपवणारी माणसं माझ्यावर जिवापाड प्रेम करणारीच होती. म्हणून हे लिहायला बसले आहे. ज्यांचं लेकरू आत्ता पेटीत आहे त्या बायांसाठी तर आहेच, पण त्यांच्या आयांनी, नवऱ्यांनी आणि भावांनीही वाचावं असं वाटतं. डॉक्टरी माहिती यात मिळणार नाही. ती मला तेव्हा कळत नव्हती आणि आताही अर्धवटच कळते.

भोकरहून नांदेडला

मी रेणापूरची सून. तिथल्या एका खाजगी शाळेत बालवाडीला शिकवते. माझे मालक बालाजी, यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतात. सोनोग्राफीत जुळं असल्याचं कळलं आणि सासरी माझा रुबाब एकदम वाढला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला दारात उभं राहू देत नव्हत्या, नजर लागेल म्हणून. मी म्हणायचे, माझ्याकडे बघायला येतंय कोण? पोट आधी दारात पोचतं, मी मागून येते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागताच आई मला भोकरला घेऊन आली. पाय सुजले होते, चप्पल आत जात नव्हती. आई म्हणाली, पहिलटकरणीचे सुजतातच. एका सकाळी भाकरी थापता थापता डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि डोकं फुटेल असं दुखायला लागलं. परातीतच हात टेकून मी बसले. संतोषदादाने, माझ्या भावाने, गाडी काढली. वाटेत मला झटके आले म्हणे. मला आठवतं ते एवढंच, की आई माझ्या दातांमध्ये पदराचा बोळा धरून बसली होती आणि देवाला सोडून सगळ्यांना शिव्या घालत होती.

नांदेडच्या दवाखान्यात बीपी बघून डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते दादाला बाजूला घेऊन बोलले, पण मला ऐकू येत होतं. आईला वाचवायचं तर लेकरं आत्ताच बाहेर काढावी लागतील, ती लई लहान आहेत, काही सांगता येणार नाही. दादाने सही केली. त्याला विचारावंसं वाटलं, कुणासाठी सही केलीस रे, माझ्यासाठी का त्यांच्यासाठी? पण जीभ वळत नव्हती.

शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा हात पोटाकडे गेला. पोट बसलेलं होतं.

"आई, लेकरं?"

"हायत. दोन्ही हायत. पोरगा अन् पोरगी. खाली पेटीत ठेवलेत. तू गप पड, बोलू नको."

तेव्हा ते खरं होतं.

न रडणारी खोली

लेकरं तळमजल्यावर पेटीत आणि आम्ही आया वरच्या मजल्यावर. खाटा भिंतीला लागून ओळीत. बाळंतिणींची खोली आणि एकाही लेकराचा आवाज नाही, हे मला पहिल्या दिवशी फार भयाण वाटलं. शेगडीचा, ओव्याचा, तेलाचा वास होता, डिंकाचे लाडू होते, सगळं होतं, फक्त लेकरं नव्हती.

आईने माझं बाळंतपण तिथेच सुरू केलं. कानाला रुमाल, पायात मोजे, अंगात स्वेटर. पंखा बंद. शेजारच्या खाटेवरची गंगासागर घामाने निथळत म्हणाली, "मावशी, तुमच्या लेकीला वारा लागंना म्हणून आमी सगळ्या उकडून मरायचं का?" आई म्हणाली, "मरत न्हाई कुणी उकाड्यानं." तशी आमची ओळख झाली. गंगासागर विष्णुपुरीजवळच्या एका खेड्यातली. तिचं हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही लेकरं हाती लागली नव्हती. तीही वेळेआधीच झाली होती. हिची मुलगी तर माझ्या दोघांपेक्षा बारीक.

माझं बीपी उतरत नव्हतं, टाके ओले होते, मला खाटेवरून हलायची मनाई होती. पण दूध काढायची मनाई नव्हती. कुंदा सिस्टरांनी हाताने दूध काढायला शिकवलं. म्हणाल्या, "लेकरांना अजून ओढता येत नाही. नळीने पोटात द्यायचं. तुमचं दूध म्हणजे त्यांचं औषधच समजा." पहिल्या दिवशी थेंब थेंब आलं, पिवळं, घट्ट. मी शाळेत चित्रकलेला पोरांना रंग वाटते, तेवढंही नव्हतं ते. पण मला वाटलं, चला, एक काम तरी हाती आलं.

आईने बाजारातून झाकणाच्या दोन छोट्या स्टीलच्या वाट्या आणल्या. सिस्टर त्या प्रत्येक वेळी उकळून घ्यायला लावत. ओळखायला आईने एकीच्या कडीला लाल दोरा बांधला, दुसरीच्या काळा. लाल लेकीचा, काळा लेकाचा. मीही माझी वाटणी ठरवून टाकली. डावीकडचं तिला, उजवीकडचं त्याला. डॉक्टर ऐकते तर हसले असते, पण मला त्याने बरं वाटायचं. कुणी उपाशी राहू नये, कुणाचं कुणी खाऊ नये. दोन्ही वाट्या बालाजी खाली घेऊन जायचे आणि रिकाम्या वर आणायचे.

आईचा एक नियम होता. दुधाचा एक थेंबसुद्धा मोरीत जायचा नाही. आईचं दूध पायदळी जाऊ देऊ नये, उरलं-सांडलं तर झाडाच्या बुडाशी घालावं, असं आमच्याकडे मानतात. मला ते ठाऊक होतं. माझ्या धाकट्या चुलतीचं बाळ गेलं तेव्हा दूध आटेपर्यंत ती रोज सकाळी वाटी घेऊन कडुलिंबाच्या बुडाशी जाऊन बसायची. मी लहान होते. मला वाटायचं, काकू पूजा करते.

"दोघं बी चांगले हायत"

सुरुवातीला बालाजी खालून आले की मला लेकरांच्या बातम्या मिळायच्या. आत फोटो काढू देत नव्हते, म्हणून सगळी भिस्त त्यांच्या बोलण्यावर. ते मुळात कमी बोलणारे. पण तेव्हा त्यांना कंठ फुटला होता.

"पोरगी लई तिखट हाय. सिस्टरनं हात लावला की पाय झाडती."

"आणि तो?"

"त्यो गरीब हाय. माझ्यावानी."

मी हसायचे. टाके दुखायचे, तरी हसायचे. एवढीशी ती, अन् पाय झाडते. मी मनातल्या मनात तिला शाळेतसुद्धा घातलं होतं.

मग एका दिवसापासून बातम्या बंद झाल्या. "दोघं बी चांगले हायत," एवढंच. सकाळी तेच, दुपारी तेच. मी विचारायचे, आज पाय झाडले का तिने? ते म्हणायचे, "हाव." आणि पाण्याची बाटली भरायला निघून जायचे. आई उगाच मोठ्याने बोलायला लागली. संतोषदादा यायचा, पण माझ्या खाटेपाशी बसायचा नाही, दारातूनच "खाल्लीस का?" म्हणायचा. माझं बीपी आता बरं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हिला चाकाच्या खुर्चीवरून खाली नेऊन आणा. पण आईकडे रोज नवं कारण तयार.

"ओली बाळंतीण तू. खाली बरफावानी एसी. एकदा अंगात वारा शिरला की जल्माचा बसतो."

"बाकीच्या जातात की गं आई."

"त्यांचं त्यांना ठाऊक."

गंगासागर दर खेपेला खाली जायची. ती एकदा म्हणाली, "चल की गं, मी धरते तुला." आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. गंगासागर भिंतीकडे तोंड करून निजली. मला नंतर कळलं, की त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. झाडू मारणाऱ्या मावशीलासुद्धा.

काळजीचं म्हणाल तर तेव्हा ती माझ्या अंगातच मुक्कामाला होती. जिन्यावर पाय वाजले की तोंड कोरडं पडायचं. कुणाचा फोन वाजला की हात गार. बालाजी दारातून खाटेपर्यंत येईस्तोवर मी श्वास घ्यायचे नाही, त्यांचं तोंड वाचायचे, आणि तिथे वाचायला काही सापडायचं नाही. घास फिरायचा. आई म्हणायची, खा, नाहीतर दूध कमी होईल. मग मी खायचे, रडत रडत, आणि रडू दिसू नये म्हणून लाडू तोंडात कोंबायचे.

एक गोष्ट सांगायला हवी. कुंदा सिस्टरांनी माझ्या घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "मी आपणहून सांगणार नाही. पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही." त्या माझं बीपी बघायला आल्या की काम झाल्यावरही जरा थांबायच्या. मी विचारायचे, "मुलगा कसा आहे, सिस्टर?" त्या सांगायच्या. मग पुन्हा थांबायच्या. मी दुसरा प्रश्न विचारायचे नाही. मी त्यांना वळसा घालत होते, आणि मला ते कळतही होतं.

खिडकी

दुपारची वेळ होती. मी दोन्ही वाट्या भरून दिल्या होत्या. आई चहा आणायला गेली. मला लघवीला जायचं होतं, मी भिंत धरून उठले. येताना खिडकीपाशी दम खायला थांबले. खाली दवाखान्याचं आवार, कुंपणाच्या भिंतीला लागून कडुलिंब, त्याच्या सावलीत नातेवाइकांचे डबे, वाळत घातलेली धोतरं-साड्या.

बालाजी दारातून बाहेर आले. त्यांच्या हातात एकच वाटी होती. वरून मला तिचा लाल दोरा दिसला.

ते झाडापाशी गेले. लोक होते त्याच्या उलट्या बाजूला जाऊन उकिडवे बसले. झाकण काढलं. तुळशीला पाणी घालतात तसं हळूहळू बुडाशी दूध ओतलं. बाटलीतल्या पाण्याने वाटी विसळली, तेही तिथेच घातलं. मग हात जोडले. आणि बाहीने तोंड पुसून तिथेच बसून राहिले.

मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

मी खाटेवर येऊन बसले. ते वर आले, दोन्ही वाट्या धुतलेल्या.

"प्याले का दोघं?" मी विचारलं.

"हाव. दोघं बी प्याले."

"लिंबाला पाजून आलात ना तुम्ही?"

ते उभे होते ते खाली बसले, फरशीवरच. वाट्या हातातून सुटल्या आणि खाटेखाली घरंगळत गेल्या. आई चहा घेऊन दारात आली आणि आमच्याकडे बघून तिला सगळं समजलं.

"कवा?" मी विचारलं. मग मी ओरडले, "कवा गेली माझी लेक?"

आठवडा होत आला होता. संसर्ग झाला, श्वास पुरला नाही. संतोषदादाने आणि यांनी तिला भोकरच्या आमच्या शेतात नेऊन ठेवलं होतं, बांधाला, बोरीखाली. आठवडाभर मी तिच्यासाठी दूध काढत होते. डावीकडचं. ते कमी भरलं तर मी उजवीकडचं तिच्या वाटीत घालत होते, की ती लहान आहे, तिला थोडं जास्त जाऊ द्या. म्हणजे मी जित्या लेकाच्या तोंडचं काढून झाडाला घालत होते, आणि माझी माणसं ते बघत होती.

"तुझं दूध आटलं असतं, माय," आई माझ्या पायांना धरून म्हणाली. "एक गेलं. दुसऱ्याला काय पाजली असतीस? मला बी सांगावं वाटायचं. रोज तोंडापातूर यायचं. कसं सांगू तूच सांग."

"मी तिला एकदा बी पाहिलं न्हाई, आई."

मी पुढे काय काय बोलले ते लिहीत नाही. गंगासागर उठून आली आणि माझं डोकं तिच्या मांडीवर घेऊन बसली. "रड," म्हणाली, "जोरात रड. इथं कुणाचं लेकरू उठायचंय?"

स्वेटर घालून काश्मीरला

त्या संध्याकाळी दूध आलं नाही. सकाळीही नाही. दाबून दाबून छाती दुखली, वाटीच्या तळाशी ओल धरली एवढंच. आई कोपऱ्यात बसून होती. 'बघ, म्हणून सांगत नव्हते' हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पण ती बोलली नाही. मला वाटायला लागलं, आता हाही जाणार, आणि आता माझ्यामुळे.

कुंदा सिस्टर चाकाची खुर्ची घेऊनच आल्या. "आजी, हिला मी नेते," म्हणाल्या. विचारलं नाही. आईने विरोध केला नाही, पण तिचे हात थांबेनात. आणखी एक स्वेटर, आणखी एक रुमाल, मोज्यांवर मोजे. गंगासागर म्हणाली, "काय गं, काश्मीरला चाललीस का?" आणि मला, त्या दिवशी, हसू फुटलं. त्या हसण्याची मला पुढे किती दिवस लाज वाटत होती. आता वाटत नाही.

कोपरापर्यंत हात धुतले. आत गेले. मशीनचे आवाज, निळा उजेड, आणि एका पेटीत माझा मुलगा. माझ्या तळहातापेक्षा थोडाच मोठा, नाकात नळी, डोक्याला टोपी. शेजारच्या पेटीत कुणाचं तरी लेकरू होतं.

"ती कुठे होती?" मी विचारलं.

"इथेच. याच्या शेजारी." सिस्टरांनी त्याच पेटीकडे हात केला. "आम्ही खूप धडपडलो. नाही राहिली."

"दुखलं का तिला?"

त्यांनी जरा विचार केला. "शेवटी मशीन काढलं तेव्हा ती तिच्या बाबांच्या हातात होती. पुढचं त्यांनाच विचारा. ते होते, मी बाजूला झाले होते."

मी त्यांच्याशी बोलत नाही, असं मला सांगावंसं वाटलं.

सिस्टरांनी मला खुर्चीत बसवलं, पुढून मोकळा गाऊन दिला आणि मुलाला टोपी-लंगोटासकट माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. वरून फडक्याने आम्हा दोघांना बांधलं. मला भीती वाटत होती, मोडेल, गुदमरेल, नळी निघेल. मशीन वाजलं की माझा जीव जायचा. सिस्टर म्हणाल्या, "मशीनकडे बघू नका. तिकडे बघायला मी आहे. तुम्ही याच्याकडे बघा. कुरवाळू नका, त्याला सहन होत नाही. एक हात डोक्यावर, एक पायांखाली, नुसता टेकवून ठेवा." मी तसं केलं. त्याची पाठ माझ्या हाताखाली वरखाली होत होती. आधी भराभर, मग सावकाश. किती वेळाने कोण जाणे, माझाही श्वास त्याच्याबरोबर चालायला लागला. तिथेच मला रडू आलं, पण ते वरच्या रडण्यासारखं नव्हतं. आणि माझा गाऊन ओला झाला. दोन्हीकडून.

आईचं मानणं अगदीच चूक होतं असं मी म्हणत नाही. धक्क्याने दूध थांबतं, ते थांबलंच होतं. पण ते परत आणायचा रस्ता लेकरावरून जातो, आणि त्याच रस्त्यावर माझ्या माणसांनी मला जाऊ दिलं नव्हतं. आधीच खाली नेलं असतं तर मी तिला पाहिलं असतं. हे वाक्य मी आजही रोज एकदा मनात म्हणते.

त्यानंतर

त्यानंतर मी दिवसातला जमेल तेवढा वेळ खालीच असायचे. काळजी गेली नाही, पण तिला एक जागा मिळाली. वर बसून मी लेकराबद्दल घाबरत होते, खाली त्याच्यापाशी बसून घाबरत होते. दोन्हींत फार फरक आहे.

गंगासागरने एक शिकवलं. डॉक्टर आले की बाया शंभर प्रश्न विचारतात आणि उत्तरं ऐकून आणखी घाबरतात. ती एकच विचारायची, "कालच्यापेक्षा आज कसं हाय?" बस. कधी "बरं" यायचं, कधी "तसंच", एकदा "जरा कमी" आलं. ती म्हणायची, "जरा कमी हाय म्हणजे गेलं असं न्हाई." मीही तसंच विचारायला लागले. दवाखान्यात एक समुपदेशक ताई यायच्या. त्या आम्हाला गोल बसवून कशाची भीती वाटते ते बोलायला लावायच्या. पहिल्या दिवशी मला तो पोरखेळ वाटला, मी स्वतः बालवाडीला असंच गोल बसवते. पण एकीने सांगितलं, "मला लेकराला हात लावायची भीती वाटती, कारण लावला अन् मंग गेलं तर?" आणि आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो. ते प्रत्येकीचं होतं. दुसरीच्या तोंडून ऐकल्यावर ते जरा हलकं झालं.

आत्याबाई रेणापूरहून आल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "एक तर हाती लागलं, बाई." मायेनेच म्हणाल्या. पण मी त्यांना सांगितलं, "आत्याबाई, मला दोन झालेत. असं म्हणू नका." त्यांनी पदर तोंडाला लावला. पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

गंगासागर आमच्या आधी घरी गेली, लेकीला घेऊन. निघताना माझ्या खाटेपाशी आली तेव्हा तिने मुलीवर पदर ओढून घेतला होता. मला दुःख होऊ नये म्हणून. मी पदर बाजूला केला आणि मुलगी पाहून घेतली. नाक फेंदारलेलं, अगदी आईवर. "दृष्ट काढ हिची," मी म्हटलं. आम्ही दोघी रडलो.

आईशी मी बोलायला लागले, कारण ती जेवत नव्हती आणि तिला ओरडायला तरी बोलावं लागायचं. तिला माफ केलं का, हे मला विचारू नका. ती माझी आई आहे. तिने मला जगवण्यासाठी जे येत होतं ते केलं. राग आहे, आणि तिच्या हातचं खाल्ल्याशिवाय माझं पोटही भरत नाही.

बालाजींशी मात्र गरजेपुरतंच. दूध, औषध, डबा. ते एका शब्दाने सफाई देत नव्हते, आणि मला वाटायचं, या माणसाला काहीच झालं नाही. रोज ती वाटी घेऊन जिना उतरताना त्यांचं काय होत असेल, इतका विचार करायची ताकद माझ्यात नव्हती.

बालाजी

मुलगा नळीवरून चमच्यावर आला होता. एका दुपारी सिस्टर बालाजींना म्हणाल्या, "बाबा, आज तुम्ही घ्या उराशी. आईला जरा बसू द्या." ते घाबरले. हात दाखवून म्हणाले, "माझे हात खरबरीत हायत." सिस्टर म्हणाल्या, "त्याला छाती पाहिजे, हात नको."

ते शर्टाची बटणं सोडून खुर्चीत बसले. मुलाला छातीवर बांधलं. मी बाजूच्या स्टुलावर. मुलाने दोनदा चुळबूळ केली आणि झोपला. बालाजी इतके ताठ बसले होते, की मला वाटलं श्वासही घेत नाहीत. आजूबाजूला मशीनं वाजत होती. मी कितीतरी दिवस जो प्रश्न गिळत होते, तो तेव्हा बाहेर आला.

"तुम्ही घेतलं होतं तिला?"

"हाव."

"कशी होती?"

त्यांनी मान वर केली नाही. मुलाच्या टोपीकडे बघत बोलत राहिले.

"कानावर लव व्हती. बारीक, काळी. पाठीवर बी. व्हट तुझे. खालचा पुढं काढलेला, तू रुसल्यावर काढतीस तसा. मी दुकान उघडायला म्हणून एक दिवस गेलतो. सकाळच्या गाडीनं आलो, तर सिस्टर दारातच व्हत्या. म्हणल्या, बाबा, आता मशीन काढायचंय, घ्यायचं का तिला? मी म्हणलो, माझ्या नखात मोटारीचं वार्निश हाय. धुऊन येतो. लई घासलो. निघंना. सिस्टर म्हणल्या, राहू द्या, या."

"मग?"

"मग घेतलो. गरम व्हती."

"रडली?"

"न्हाई. डोळे उघडली एकदा. मला दिसलं का न्हाई मालूम न्हाई."

"तुम्ही काय केलं?"

"बोललो."

बालाजी आणि बोलले. मुलगा छातीवर हलला, त्यांनी तळहात त्याच्या पाठीवर टेकवला, सिस्टरांनी सांगितलं होतं तसाच, नुसता टेकवला.

"काय बोललात?"

"काय बोलावं सुचंना. म्हणलो, बाई, मी तुझा बाप. घरचं सांगितलो. रेणापुरात घर हाय म्हणलो, म्होरं अंगण हाय, आजी हाय. भाऊ हितंच हाय शेजारी, म्हणलो. मग ती दाराकडं बघून राहिली असं वाटलं मला. म्हणून म्हणलो, तुझी माय वरच्या मजल्यावर हाय. तिचं पोट कापलंय, बीपी उतरंना, तिला जिना उतरू देईनात. तिला लई यायचं हाय. तिच्यावर राग धरू नको."

मी त्यांच्या खुर्चीचा दांडा धरला.

"मला यायचं होतं," मी म्हणाले.

"हाव," ते म्हणाले. "सांगितलो मी तिला."